हजेरी : ८५५

स्लोव्हाकियातल्या त्रेंचीनचा रोमन शिलालेख बघायचा तर हॉटेलात शिरावं लागतं. किल्ल्याच्या कड्याला अगदी पाठ लावून हे हॉटेल बांधलंय, आणि लेख नेमका त्याच्या मागच्या कड्यावर कोरलेला आहे. रिसेप्शनवरच्या मुलीला लेकीनं स्लोव्हाकमध्ये काही विचारलं. तिनं मान वर न करताच जिन्याकडे बोट दाखवलं. रोजचेच असणार आमच्यासारखे.

वर गेलो. मोठी काच, काचेपलीकडे हातभर अंतरावर वाटावा असा ओला, करडा कडा आणि त्यावर चौकटीत कोरलेल्या ओळी. ह्यांनी काचेवर पडलेलं स्वतःचं प्रतिबिंब चुकवत इकडून तिकडून बघितलं आणि म्हणाले, "एवढंच?"

वेरूळ बघितलेल्या माणसाला कुठलाही दगड एवढाच वाटतो. मला मात्र एक ओळ सापडली आणि मी तिथेच अडकले. डी, तीन सी, एल, व्ही. शाळेत घड्याळाचे आकडे म्हणून घोकलेलं उपयोगी पडलं. पाचशे, तीनशे, पन्नास, पाच. बोटानं काचेवर बेरीज केली : ८५५.

आयुष्यभर बँकेच्या कॅश काउंटरवर बसल्यामुळे असेल, पण "सुमारे नऊशे" न लिहिणाऱ्या माणसाबद्दल मला लगेच आपुलकी वाटते. लेख म्हणतो तो असा : सम्राटांच्या विजयाला अर्पण, लाउगारिसिओत तळ देऊन राहिलेल्या सैन्याकडून, दुसऱ्या लीजनचे, म्हणजे रोमन फौजेतल्या एका मोठ्या पलटणीचे, ८५५ सैनिक. लाउगारिसिओ हे त्रेंचीनचं रोमनांच्या तोंडचं नाव. सम्राट अनेकवचनी, कारण तेव्हा मार्कस ऑरेलियस आणि त्याचा मुलगा कोमोडस दोघं मिळून गादीवर होते. काळ इ. स. १७९–८०चा हिवाळा. आपल्याकडे तेव्हा सातवाहनांचं राज्य.

इथे एक गोष्ट मला आधी नीट कळली नव्हती. तेव्हा इथे स्लोव्हाक नव्हतेच. स्लाव लोक त्यानंतर तीनएकशे वर्षांनी आले. रोमनांची गाठ पडली ती क्वाडी नावाच्या जर्मन टोळ्यांशी. रोमनांची हद्द दानूब नदीपाशी संपायची. क्वाडी आणि त्यांचे शेजारी मार्कोमान्नी ती ओलांडून थेट इटलीत, अक्विलेया शहरापर्यंत धडकले, तेव्हा रोम खडबडून जागं झालं. मग सम्राट स्वतः वर्षानुवर्षं इकडच्या छावण्यांत राहिला आणि सैन्य नदीपलीकडे घुसवलं. दियो कॅसियस हा जुना इतिहासकार सांगतो की क्वाडी आणि मार्कोमान्नी यांच्या मुलखात प्रत्येकी वीस हजार सैनिक बसवले होते. तळांवर सैनिकांसाठी गरम पाण्याची स्नानगृहंसुद्धा होती! क्वाडी इतके टेकीला आले, की गाशा गुंडाळून उत्तरेला निघाले. तर सम्राटानं वाटा अडवल्या. जाऊ द्यायचं नाही, सुखानं राहूही द्यायचं नाही. मार्कस ऑरेलियसला सगळे साधुपुरुष म्हणतात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

त्या वीस हजारांतले हे ८५५. दुसरी लीजन आद्युत्रिक्स, ठाणं आक्विंकुम, म्हणजे आजचं बुडापेस्ट. घरापासून इतक्या लांब, वाह नदीच्या काठी, बर्फात त्यांनी हिवाळा काढला.

शेवटच्या ओळीत लेख कोरवून घेणाऱ्या सेनापतीचं नाव आहे, आणि नेमकं तेच झिजलेलं. त्याचा उलगडा झाला तो गेल्या शतकात, आणि कुठे, तर अल्जीरियात! तिथल्या झाना गावी मार्कस व्हॅलेरियस मॅक्सिमियानस नावाच्या अधिकाऱ्याच्या सन्मानाचा लेख मिळाला. त्याची सगळी नोकरी त्यात क्रमानं लिहिलेली, आपल्याकडे सर्व्हिस बुक असतं ना, तसंच. लाउगारिसिओत हिवाळा काढणाऱ्या तुकड्यांचा हा प्रमुख होता, अशी त्यात नोंद आहे. नारिस्ती टोळीचा म्होरक्या वालाओ याला स्वतःच्या हातानं मारलं म्हणून सम्राटानं घोडा बक्षीस दिला, तेही आहे. एक कागद इथल्या शाखेत, दुसरा समुद्रापलीकडच्या शाखेत, आणि दोन्हींचा मेळ बसला. माझ्यासाठी तेवढ्यात तिकिटाचे पैसे वसूल झाले. "हे" तोवर खाली कॉफी पीत बसले होते.

ब्रातिस्लावाच्या रुसोव्त्से भागातलं गेरुलाटा हे रोमन ठाणं आम्ही आधीच उरकलं होतं. चर्चशेजारी चौथरे, छोटं म्युझियम, शाळेची सहल. दानूबच्या दक्षिणेला स्लोव्हाकियाची जमीन आहे ती जवळजवळ एवढीच. १९४७मध्ये हंगेरीकडून तीन गावं मिळाली, त्यांतलं हे एक. त्यामुळे रोमन साम्राज्याच्या प्रत्यक्ष हद्दीतला स्लोव्हाकियाचा भाग म्हणजे हाच. इथे घोडदळ असायचं, तेही आजच्या नेदरलँड्सकडच्या लोकांतून उभारलेलं.

माझा जीव रमला तो दानूबच्या उत्तर काठावरच्या इझा गावच्या रोमन किल्ल्यात. रविवारी जावईबापूंनी गाडी काढली. कोमार्नोत जेवायचं ठरलं होतं, पण जिथे टेबल सांगून ठेवलं होतं तिथे दाराला कुलूप. "आई, तुम्ही नको म्हटलं तरी डबा घेतलात ते बरं झालं," असं जावईबापूंनी कबूल केलं, हे इथे नोंदवून ठेवते. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी आम्ही रोमन किल्ल्याच्या भिंतीला टेकून खाल्ली.

भिंत म्हणजे गुडघ्याएवढी, कुठे कमरेएवढी. पण आखणी लख्ख कळते : चौरस, प्रत्येक बाजू १७२ मीटरच्या आसपास, वीस बुरूज. ह्यांनी एक बाजू पावलं मोजत चालून बघितली. दोनशे एकोणतीस भरली. त्रेंचीनच्या "एवढंच?"ची भरपाई झाली म्हणायची. इथे आधी लाकूड-मातीची छावणी होती. ती १७९मध्ये जळाली आणि मग दगडी किल्ला उभा राहिला. म्हणजे ती जळाली त्याच सुमाराला ते ८५५ जण वर उत्तरेत होते.

बांधावर चढलं की समोर दानूब, आणि पलीकडच्या काठावर हंगेरीत जिथे ब्रिगेटिओ हा मोठा तळ होता ती जागा. इ. स. ३७५च्या नोव्हेंबरात क्वाडींचे वकील तहाची बोलणी करायला तिथे आले होते. आमच्या लोकांनी हल्ले केले ते तुम्ही आमच्या मुलखात किल्ला बांधायला घेतलात म्हणून, असं काहीसं ते म्हणाले. सम्राट व्हॅलेंटिनियन एवढा भडकला, की ओरडता ओरडता कोसळला आणि गेला. लेकीनं हे मोबाइलवरून वाचून दाखवलं, तेव्हा मी ह्यांच्याकडे बघितलं. बीपीची गोळी घेतली होती की नाही?

आमच्या कोल्हापुरात, टाउन हॉलच्या म्युझियममध्ये, ब्रह्मपुरीला सापडलेला पोसायडनचा, म्हणजे समुद्रदेवाचा, छोटा ब्राँझचा पुतळा आहे. लहानपणापासून रोमन म्हटलं की मला तोच आठवायचा : व्यापाऱ्यांबरोबर आलेली देखणी वस्तू. इझाच्या जळलेल्या छावणीवर बसल्यावर तो पुतळा जरा वेगळा दिसायला लागला.

परत फिरण्याआधी जावईबापूंनी गाडी आणखी पूर्वेला घेतली. ह्रोन नदी दानूबला मिळते तिथवर. रोमन तिला ग्रानुआ म्हणत. मार्कस ऑरेलियसच्या ग्रीकमध्ये लिहिलेल्या चिंतनांत सुरुवातीच्या एका भागाजवळ एवढीच नोंद आहे : क्वाडींच्या मुलखात, ग्रानुआच्या काठी. पत्रावर डाव्या कोपऱ्यात गावाचं नाव घालतात तसं. तारीख मात्र नाही. मार्च १८०मध्ये तो वारला, कोमोडसनं तह केला आणि सैन्य दानूबच्या दक्षिणेला परत गेलं.

काठावर एक म्हातारा गळ टाकून बसला होता. पाणी गढूळ, चहासारखं. ह्यांनी खुणेनं विचारलं, मिळालं का काही? त्यानं बादली तिरकी करून दाखवली. तळाशी बोटभर लांबीच्या मासोळ्या होत्या. मी मोजल्या. सात.