आजीची परीक्षा

आज आजीला स्मृतिभ्रंशाच्या तपासणीला नेलं होतं. दोन महिन्यांपासून ती दूध गॅसवर ठेवून विसरते, म्हणून.

"आजी, आजची तारीख सांगा." आजी म्हणाली, "वद्य पंचमी." तिथी बरोबर होती, पण गुण मिळाला नाही. मग शंभरातून सात वजा करायचे, घड्याळ काढायचं. शाळेची पायरी न चढलेल्या आजीने पेन हातात धरलं आणि माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून डोळ्यांसमोरून हलत नाहीये.

घरी आल्यावर वाचत बसले. शाळेत न गेलेल्यांची अशी तपासणी कशी करायची, हा प्रश्न जुनाच आहे. नव्वदच्या दशकात हरियाणातल्या बल्लभगडमध्ये संशोधकांनी निरक्षर गावकऱ्यांसाठी अशीच एक चाचणी हिंदीत, त्यांच्या रोजच्या जगण्याला धरून नव्याने बांधली होती. २०२३च्या अंदाजानुसार भारतात साठीच्या पुढच्या ७.४ टक्के लोकांना, म्हणजे सुमारे ८८ लाख जणांना, स्मृतिभ्रंश आहे. त्यात लिहिता-वाचता न येणारे किती असतील!

आणि एक गोष्ट वाचून तर रडूच आलं. हैदराबादला डॉ. सुवर्णा अल्लादी यांच्या गटाने ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. एकाहून जास्त भाषा बोलणाऱ्यांमध्ये आजाराची लक्षणं सरासरी साडेचार वर्षं उशिरा दिसली होती, निरक्षरांमध्येसुद्धा. आमची आजी सोलापूरची. घरात मराठी, भाजीवालीशी कन्नड, शेजारच्या खालाशी दखनी. हे तिला कुणी विचारलंच नाही.

पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलंय. या वेळी मी आधीच डॉक्टरांशी बोलणार आहे. आत्ता ती शेंगा सोलतेय आणि कन्नडमध्ये काहीतरी गुणगुणतेय.