दाढ निर्दोष होती

दातांच्या दवाखान्यातल्या फॉर्मवर ‘कोणता दात?’ असा एक रकाना असतो. त्या रकान्यावर माझा अजून राग आहे. खालची डावी, शेवटून दुसरी दाढ ठणकतेय, असं मी ठासून सांगितलं आणि तिथेच फसले.

एक्स-रे स्वच्छ. ठोकून पाहिलं, काही नाही. थंड लावलं तर शेजारच्या दाढेइतकंच झिणझिणलं. तरी ‘नस आतून खराब असेल’ म्हणून रूट कॅनाल झालं. नस गेली, ठणका राहिला. वर आठवड्याभरात पुढच्या दाढेत सरकला. पुन्हा तोच रकाना, नवा दात. दुसऱ्यांदा खुर्चीत बसले, भुलीचं इंजेक्शन झालं. ओठ बधिर, अर्धी जीभ बधिर आणि दाढ आपली ठणकतेच आहे. सांगितलं तर म्हणे, “भूल चढायला वेळ लागतो.” ओठाला चिमटा काढला तरी कळत नव्हता, आणखी किती चढायची? नस फार सुजली असेल तर भूल नीट लागत नाही, हे खरं. पण तशी दाढ सहसा थंडाने किंचाळते. माझी गप्प होती. मी उठले आणि घरी आले. याचा मला अजून अभिमान वाटतो.

पुढे ओरल मेडिसिनच्या, म्हणजे तोंड-जबड्याची दुखणी पाहणाऱ्या, डॉक्टरांनी आरसाबिरसा न घेता गालावर, चावण्याच्या स्नायूवर बोट दाबून धरलं. काही सेकंदांत तोच ठणका, त्याच दाढेत! रात्री दात आवळून स्नायू आखडलेला, आणि त्याचं दुखणं मेंदू दाढेच्या नावावर टाकत होता.

उपाय अगदी साधे: ओठ मिटलेले पण दात सुटे ठेवायचे, गालाला शेक, मऊ खाणं, रात्री दातांवर गार्ड, म्हणजे एक संरक्षक आवरण. दीड महिन्यात उतार पडला. सकाळी उठल्यावर जबडा जड असतो का, हे आधीच टिपून ठेवलं असतं तर बरं झालं असतं.

हो, एक राहिलंच. वरच्या बऱ्याच दाढा एकदम दुखतात आणि वाकल्यावर वाढतं, तर सायनस तपासा. नुसत्या स्पर्शाने विजेसारखी कळ येत असेल तर मेंदू-मज्जातंतूंच्या डॉक्टरांकडे जा. आणि जिना चढताना जबडा दुखत असेल व खाली बसल्यावर दुखणं थांबत असेल, तर दातांचा विचार सोडून आधी हृदय तपासून घ्या, त्याच दिवशी.

रूट कॅनाल केलेल्या दाढेवर आता टोपी बसवायची आहे. म्हणजे तो रकाना पुन्हा भरणं आलंच.