बाईंचा हो-नाहीचा प्रश्न

स्मरणिकेत स्नेहसंमेलन, सहल आणि छड्या यांवर लिहिणारे पुष्कळ असतील. मी आठवीच्या इंग्रजीच्या तासाबद्दल लिहितो, तेही एवढ्याशा गोष्टीबद्दल: मिश्र वाक्यातलं मुख्य क्रियापद कसं ओळखायचं.

मराठीत ते बहुधा वाक्याच्या शेवटी निमूट बसलेलं असतं. इंग्रजीत मध्येच कुठेतरी, आणि मागेपुढे क्रियापदासारखे दिसणारे आणखी चार शब्द. गाईडमधली युक्ती ठरलेली: हू, व्हिच, दॅट, बिकॉज शोधा, तिथून सुरू होणारं गौण वाक्य खोडा, उरेल ते मुख्य. आम्ही ती घोकली होती. मग बाईंनी फळ्यावर लिहिलं, 'द बुक आय बॉट यस्टर्डे इज मिसिंग.' शोधायला तसा शब्दच नाही! वर्गात 'बॉट'वाले आणि 'इज'वाले असे दोन तट पडले.

बाई भांडण सोडवत बसल्या नाहीत. म्हणाल्या, "वाक्याचा प्रश्न करा. उत्तर हो किंवा नाही येईल असा."

'इज द बुक आय बॉट यस्टर्डे मिसिंग?' 'इज' उठून पुढे आलं, 'बॉट' जागचं हललं नाही. निकाल लागला.

उठून पुढे येणारं साहाय्यक क्रियापद नसेल तर 'डिड' बोलवायचं, आणि ते कुणाचा भूतकाळ काढून घेतं ते पाहायचं. 'द बॉय हू केम लेट सॅट बाय द डोअर' याचा प्रश्न 'डिड द बॉय हू केम लेट सिट बाय द डोअर?' 'सॅट'चं 'सिट' झालं, 'केम' तसंच राहिलं. मागच्या बाकावरून कुणीतरी 'हू कम लेट' करून पाहिलं, पण म्हणता म्हणता त्याचं त्यालाच खटकलं. 'टू' लावलेली रूपं काळ दाखवतच नाहीत, म्हणून ती शर्यतीत नाहीत, हे बाईंनी जाता जाता सांगून टाकलं.

पुढे भाषाशास्त्राच्या वर्गात थॉमस बेव्हर यांचं १९७० सालचं प्रसिद्ध वाक्य भेटलं: 'द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फेल.' वाचणारा 'रेस्ड'लाच मुख्य क्रियापद धरून सुटतो आणि 'फेल'पाशी आपटतो. मी बाईंचा प्रश्न लावला: 'डिड द हॉर्स रेस्ड पास्ट द बार्न फॉल?' 'फेल'चं 'फॉल' झालं. म्हणजे घोडा पळाला नव्हता, त्याला कोठारावरून पळवलं होतं, आणि तो पडला. इतकं सोपं वाक्य इतकं छळू शकतं, हे बाईंना फार आवडलं असतं.

हल्ली माझं काम इंग्रजी करारनामे वाचण्याचं. एकेक वाक्य अर्धं पान खातं, कर्ता वर आणि त्याचं 'शॅल' पाच ओळी खाली, मध्ये अटींची भाऊगर्दी. कुणी नेमकं काय करायचं आहे ते कळावं म्हणून मी अजूनही वाक्याचा प्रश्न करतो. पक्षकार समोर बसलेला असला तर मनातल्या मनात.