तोबरा, नाल आणि खोगीर: मराठवाड्यातील घोडदळाच्या इतिहासाकडे पाहताना

मराठवाड्याच्या नकाशावर घोडदळाच्या लढाया शोधू लागले की नावे भराभर सापडतात. देवगिरी, पालखेड, उदगीर, राक्षसभुवन, असई. या लढायांची वर्णने आपण शाळेपासून वाचत आलो आहोत आणि त्यांतील बहुतेक वर्णनांत तलवार, भाला आणि सेनापतीचे चातुर्य यांनाच जागा मिळालेली असते. घोडा तिथे असतो, परंतु तो काय खात होता, कुठे पाणी पीत होता, त्याच्या पायांत नाल कोण ठोकत होते आणि त्याची पाठ खोगिराने सोलली गेली तर पुढे काय होत होते, याविषयी आपण क्वचितच विचारतो. या लढायांचा जमेल तसा अभ्यास केल्यानंतर माझे ठाम मत असे झाले आहे की दख्खनच्या घोडदळाचे यशापयश रणांगणावर ठरण्याआधी बऱ्याच अंशी चाऱ्यावर, पाण्यावर आणि खुरांवर ठरलेले असे.

घोडा बैलासारखा रवंथ करत नाही. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान असते, त्यामुळे त्याला थोडे थोडे आणि वारंवार खावे लागते आणि खाण्यासाठी दिवसातले बरेच तास मोकळे मिळावे लागतात. सुमारे तीनशे किलो वजनाच्या देशी घोड्याला सुका चारा आणि दाणा मिळून रोज सहा-सात किलो तरी लागतात आणि कष्टाच्या दिवशी तीसेक लिटर पाणी लागते. म्हणजे दहा हजार घोड्यांच्या फौजेला रोज साठ-सत्तर टन वैरण व दाणा आणि तीन लाख लिटर पाणी हवे. धान्य लमाणांचे तांडे बैलांवर लादून पुरवू शकत, कडबा मात्र इतका अवजड असतो की तो वाटेवरच्या गावांतूनच मिळवावा लागे. दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेला निघण्याच्या प्रथेमागे धर्मभावना होतीच, पण त्या सुमारास नद्या ओसरलेल्या असतात, खरिपाची ज्वारी काढणीला येते आणि गावात कडबा असतो, हेही तितकेच खरे आहे. पालखेड (२८ फेब्रुवारी १७२८) आणि उदगीर (३ फेब्रुवारी १७६०) या दोन्ही लढायांच्या तारखा पाहाव्यात. दोन्ही वेळी आपल्या काळ्या रानात रब्बीची ज्वारी उभी होती.

शिवाजी महाराजांनी हे गणित किती बारकाईने ओळखले होते, याचा पुरावा म्हणजे चिपळूणजवळ दळवटणे येथे तळ दिलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना धाडलेले त्यांचे पत्र होय. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि गवत आताच मनमानीने वापरले, तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असे होईल, असे ते बजावतात. मग लोक रयतेच्या घरात शिरून दाणा-वैरण ओढू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटू लागतील, हा इशाराही त्यात आहे. जळत्या दिव्याची वात उंदीर ओढून नेईल आणि गवताच्या गंजीला आग लागेल, इतकी लहान शक्यतासुद्धा त्यातून सुटलेली नाही. घोडदळाविषयी मी जे काही वाचले आहे, त्यात या पत्राइतके मोलाचे मला दुसरे काही वाटत नाही.

बखरकार सभासदाने सांगितलेली पागेची, म्हणजे सरकारी घोडदळाची, रचनाही याच दृष्टीने वाचावी. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि सर्वांवर सरनौबत, ही उतरंड पाठ्यपुस्तकांत असते. पण दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला होता, हे वाक्य आपण वाचतो आणि विसरतो. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन येई. त्यामुळे पागेतल्या घोड्याची देखभाल ही सरकारची जबाबदारी ठरे आणि ती निभावण्यासाठी पाणी वाहणारा आणि नाल ठोकणारा माणूस तुकडीतच असावा लागे.

घोडे कुठून येत, हा प्रश्न दख्खनला शतकानुशतके छळत राहिला. इराण-अरबस्तानातून समुद्रमार्गे येणारे उंच घोडे चौल, दाभोळ, गोवा या बंदरांत उतरत आणि घाट चढून वर येत. बहमनींचा वजीर महमूद गावान हाही मूळचा व्यापारीच होता. पंधराव्या शतकात आलेला रशियन प्रवासी अफानासी निकितिन एक घोडा बरोबर घेऊन आला आणि तो त्याने बिदरला विकला. उमरग्यापासून फार दूर नसलेल्या आळंदच्या जत्रेत वीस हजारांपर्यंत घोडे विकले जातात, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या आधी मार्को पोलोने दक्षिण भारताविषयी अशी नोंद केली होती की तिथे आणलेले असंख्य घोडे निगा राखता न आल्यामुळे मरतात. ज्ञानाचा अभाव सर्वत्र होता असे मात्र मला वाटत नाही. याच आळंदच्या टापूत, कल्याणीच्या चालुक्य राजा तिसऱ्या सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त घोड्यांच्या परीक्षेचा आणि घोड्यावर बसून खेळायच्या चेंडूच्या खेळाचा सविस्तर विचार आहे.

परदेशी घोडा दिसायला देखणा आणि धावायला वेगवान असला, तरी त्याची चंदी, म्हणजे रोजचा दाणा, महाग असे आणि मोहिमेत त्याचे हाल होत. भीमेच्या खोऱ्यातले भीमथडी तट्टू अंगाने ठेंगणे, पण हाडापेराने घट्ट आणि खुराने कणखर. हुलगे आणि कडबा यांवर भागवणारे आणि खडकाळ वाटेवर टिकणारे. अरबी रक्त या तट्टांत मिसळत गेले. भीमथडीच्या तट्टांना यमुनेचे पाणी पाजल्याची बढाई आपण आजही मारतो. इतके अंतर तोडणे त्यांना शक्य झाले, ते त्यांच्या वेगापेक्षा थोडक्या खाण्यावर रोज चालत राहण्याच्या क्षमतेमुळे.

आता साजाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण हा भाग सर्वांत उपेक्षित आहे. देशी खोगीर म्हणजे नमद्याचे (दाबलेल्या लोकरीचे) आणि कापडाचे थर शिवून, आत भरण भरून केलेली जाड गादी. ते हलके असते, गावातला कारागीर ते दुरुस्त करू शकतो आणि निरनिराळ्या अंगलटीच्या तट्टांवर ते थोड्याफार फरकाने बसते. लाकडी सांगाड्याचे जीन स्वाराचे वजन कण्याच्या दोन्ही बाजूंना वाटून देते. मऊ खोगिरात तो आधार नसल्यामुळे भरण एका जागी दबले की वजन थेट कण्यावर येते आणि घोड्याची पाठ लागते. पाठ लागलेला घोडा कित्येक आठवडे निकामी होतो. म्हणून तंग, म्हणजे पोटाखालचा पट्टा, किती आवळावा, उतरल्याबरोबर खोगीर काढावे की घाम जिरेपर्यंत ठेवावे, रोज खरारा करताना पाठीवर हात फिरवून गरम जागा कशी ओळखावी, हे मोतद्दाराचे, म्हणजे घोड्याची निगा राखणाऱ्याचे, ज्ञान लढाईइतकेच महत्त्वाचे होते. खोगीर पुढे सरकू नये म्हणून दुमची, घोड्याने मान वर फेकू नये म्हणून जेरबंद, तोंडात कडियाळे, त्याला लगाम, पायाला रिकीब. तळावर पुढचे पाय अगाडीने आणि मागचे पिछाडीने मेखांना बांधायचे आणि तोंडाला तोबरा लावायचा, म्हणजे दाणा मातीत सांडत नाही. मोगली सरदारांच्या काही घोड्यांवर लोखंडी पाखर, म्हणजे घोड्याचे चिलखत, असे आणि तिचे वजन चिलखत घातलेल्या स्वाराबरोबर घोड्यालाच वाहावे लागे. मराठी स्वाराने हा भार टाळला. संग्रहालयांत तलवारींना काचेची कपाटे मिळतात आणि खोगीर मात्र अभावानेच दिसते, याचे मला मनापासून वाईट वाटते.

या हलक्या स्वाराचा उपयोग युद्धतंत्र म्हणून प्रथम ज्याने पद्धतशीर केला, तो मलिक अंबर. खडकी (नंतरचे औरंगाबाद) वसवणाऱ्या या वजिराने मोगलांच्या जड फौजेशी मैदानात समोरासमोर भिडण्याचे शक्यतो टाळले. मराठा पथकांकरवी त्यांची रसद तोडणे, वैरणीसाठी बाहेर पडलेल्या टोळ्या कापणे आणि छावणीला उपाशी ठेवणे हा त्याचा मार्ग होता. १६२४ मध्ये भातवडीला त्याने तलावाचे पाणी सोडून शत्रूच्या तळाभोवती चिखल केला, हेही त्याच विचाराला धरून होते.

शंभर वर्षांनी पहिल्या बाजीरावाने हाच धडा पूर्णत्वाला नेला. नोव्हेंबर १७२७ मध्ये तो जालन्याच्या परिसरात उतरला, तिथून खानदेश आणि गुजरातेकडे वळला आणि निजाम पुण्याकडे सरकला असता पुन्हा औरंगाबादच्या रोखाने आला. राजधानीचा मुलूख वाचवण्यासाठी निजामाला घाईने मागे फिरावे लागले, जड तोफखाना मागे पडला आणि वैजापूरजवळ पालखेडच्या परिसरात त्याची फौज पाण्यावाचून आणि दाण्यावाचून कोंडली गेली. मोठी लढाई न होताच ६ मार्च १७२८ रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला. बाजीरावाविषयी एक आख्यायिका आहे की निजामाने त्याचे चित्र काढून आणायला चितारी पाठवला, तेव्हा चित्रात बाजीराव घोड्यावर बसलेला, लगाम सैल सोडलेला, भाला खांद्यावर टेकलेला आणि दोन्ही हातांनी ज्वारीचे कणीस चोळून दाणे खात चाललेला दिसला. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातली अश्वविद्या खरी आहे. दोन्ही हात मोकळे ठेवून घोडा चालवायचा तर तो मांडीच्या दाबाने आणि शरीराच्या तोलाने चालवावा लागतो, आणि स्वार व घोडा यांची इतकी ओळख वर्षानुवर्षांच्या सहवासानेच होते.

राक्षसभुवनची लढाई (१० ऑगस्ट १७६३) भर पावसाळ्यातली आहे. निजामाची अर्धी फौज गोदावरी उतरून गेली असताना दक्षिण तीरावर राहिलेल्या निजामाच्या दिवाण विठ्ठल सुंदरवर माधवराव आणि रघुनाथराव तुटून पडले. तिथे नदीनेच शत्रूचे दोन तुकडे करून दिले होते.

असईची लढाई मात्र मला वाचताना दर वेळी अस्वस्थ करते. २३ सप्टेंबर १८०३ रोजी केळणा आणि जुई या नद्यांच्या दुआबात शिंदे-भोसल्यांची पायदळ पलटणे आणि शंभरावर तोफा इंग्रज सेनापती वेलस्लीसमोर उभ्या होत्या. त्या दिवशी वेलस्लीचा एक घोडा गोळीने पडला आणि दुसरा, डायोमेड नावाचा अरबी घोडा, भाल्याने जखमी झाला. शिंद्यांच्या तोफा आणि पायदळ शौर्याने लढले, परंतु हजारोंच्या संख्येने जमलेले मराठी घोडदळ जवळपास बघतच राहिले. अचल तोफखान्याभोवती घोडदळ बांधले गेले आणि शत्रूची रसद तोडण्याचे त्याचे खरे काम कोणी त्याला दिलेच नाही, असे मला वाटते. उलट वेलस्लीने म्हैसूरकडच्या बैलांची आणि धान्याची व्यवस्था आधीच अतिशय काटेकोरपणे लावून ठेवली होती. मलिक अंबराची विद्या त्या वर्षी नदीच्या दुसऱ्या तीरावर होती.

त्यानंतरचे घोडदळ आपल्याकडे छावण्यांत राहिले. हैदराबाद कंटिंजंटच्या, म्हणजे इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालील निजामाच्या फौजेच्या, छावण्या औरंगाबाद, हिंगोली आणि मोमिनाबाद म्हणजे आजचे अंबाजोगाई येथे होत्या. या रिसाल्यांतही (घोडदळाच्या पलटणींतही) स्वाराने घोडा आणि साज यांची तजवीज स्वतः करायची, ही शिलेदारी पद्धत चालत राहिली आणि पहिल्या महायुद्धानंतरच ती बंद झाली. यांतल्याच एका रिसाल्याचा वारस असलेल्या विसाव्या डेक्कन हॉर्सने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये सोमच्या रणधुमाळीत हाय वूडजवळ भाले घेऊन चढाई केली. मशीनगनच्या युगात घोड्यावरून भाला चालवणाऱ्या त्या स्वारांमध्ये दख्खनी मुसलमानही होते, ही गोष्ट मराठवाड्यातल्या शाळांत सांगितली गेली पाहिजे.

घोडा ओळखण्याची परंपरा आजही लोहा तालुक्यातल्या माळेगावला, खंडोबाच्या यात्रेत, मार्गशीर्षात भेटते. तिथले जाणकार अजूनही आधी दात पाहतात, मग खूर उचलून तळवा पाहतात, पाठीवरून तळहात फिरवतात, भोवरे आणि देवमण ही केसांची वळणे तपासतात, आणि शेवटी दुडकी व रवाळ चाल चालवून घेतात. अबलख, कुमैत, पंचकल्याणी ही रंग-खुणांची नावे त्यांच्या बोलण्यात सहज येतात. हे जाणकार बहुतेक वयस्क आहेत, आणि त्यांचे बोलणे ध्वनिमुद्रित करण्याचे काम जमेल तेवढे मी सुरू केले आहे. आपल्या गावातल्या वीरगळांवर कोरलेल्या घोडेस्वारांची छायाचित्रे कोणी काढणार असेल, तर स्वाराच्या चेहऱ्याबरोबरच खोगिराची बैठक, लगामाची बांधणी आणि पाय कशात अडकवला आहे, हेही जवळून टिपावे. आणि जुन्या वाड्यात माळ्यावर एखादे खोगीर, कडियाळे किंवा पागेच्या जमाखर्चाचे मोडी कागद पडून असतील, तर ते भंगारात देण्यापूर्वी मला अवश्य कळवावे.