अत्तराचं कूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. त्यात महागड्या परफ्यूमचीही भर घालायला हरकत नाही. मी विचारायला गेलो आणि फसलो.

झालं असं, की एका मैत्रिणीने करंगळीच्या पेराएवढी नमुन्याची कुपी हातावर ठेवली. "लगेच मत देऊ नकोस, मनगटावर लाव आणि संध्याकाळपर्यंत थांब," अशी ताकीदही दिली. पहिली दहा मिनिटं लिंबाच्या सालीसारखा तरतरीत वास आला. तो उडाला आणि जाई उमलली. दिवस कलला तेव्हा मनगट पुन्हा नाकाशी नेलं, तर फुलांच्या आडून काहीतरी उबदार, किंचित ओशट डोकावत होतं. उन्हात खेळून आलेल्या लहान मुलाच्या मानेला येतो ना, तसला वास. बरं, नाक मुरडावं तर मनगट खाली ठेववत नव्हतं.

हा कोण, म्हणून शोधत बसलो. जाईच्या फुलात इंडोल नावाचं द्रव्य असतं. तेच विष्ठेतही असतं! एकवटून हुंगलं तर डांबरगोळ्या आठवतात आणि अगदी लेशभर असलं तर फूल जिवंत वाटतं. ते काढून टाकलं, की उरते ती साबणातली जाई, गोड आणि बिनचेहऱ्याची.

ऊदाची गोष्ट तर आजारपणाचीच. अगरूचं निरोगी लाकूड फिकट असतं, त्याला फारसा वासही नसतो. खोडाला जखम होते, आत बुरशी शिरते, आणि झाड स्वतःला वाचवायला गडद राळ साठवू लागतं. जगभर मिरवतो तो ऊद म्हणजे झाडाचं हे दुखणं. आणि अंबर? स्पर्म व्हेल जातीचा देवमासा माकुळं खातो. त्यांच्या टणक चोची पचत नाहीत, आणि कधीकधी त्यांच्याभोवती आतड्यात गोळा साचतो. ताजा असताना तो काळा आणि शेणासारखा घाण वासाचा असतो. वर्षानुवर्षं समुद्रावर तरंगून, ऊन आणि खारं पाणी खाऊन तो करडा होतो, आणि मग त्याचा वास असा गोडसर, खारट होतो, की माणसं त्यासाठी किनारे धुंडाळतात. आता बहुतेक कुप्यांत त्याच्या जागी ॲम्ब्रॉक्सन नावाचं, माणसाने बनवलेलं द्रव्य असतं. देवमाशाच्या दृष्टीने बरंच झालं.

गेर्लां या फ्रेंच अत्तरघराच्या १८८९ सालच्या 'जिकी' या अत्तरात लव्हेंडर आणि व्हॅनिलिनच्या जोडीला चक्क जवादी होती, म्हणजे जवादी मांजराच्या शेपटीखालच्या ग्रंथीतला ऐवज. त्यामानाने आयरिस सोज्वळ. तिच्या देखण्या फुलाला इथे कोणी विचारत नाही, हवा असतो तो मातीतला कंद. पण तोही उपटल्याबरोबर गंध देत नाही. सोलून, वाळवून तीनेक वर्षं ठेवला, की मग कुठे त्यात ती पावडरीसारखी मऊ दरवळ उतरते.

मला खरा जिव्हाळा वाटला तो लिली ऑफ द व्हॅलीबद्दल. त्या इवल्याशा पांढऱ्या घंटा गंध उधळतात, पण तो अर्काच्या रूपात काही केल्या हाती देत नाहीत. एडमाँ रुदनित्स्का या अत्तरकाराने ती फुलं आपल्या बागेत लावली, हुंगत राहिला, आणि भलतीच द्रव्यं जुळवून तो वास उभा केला. १९५६ साली तो 'डिओरिसिमो' म्हणून बाजारात आला. फुलाचा थेंबही न घेता फूल!

दोन दिवसांनी मैत्रिणीचा फोन आला. कसा वाटला म्हणाली. मी विष्ठा, बुरशी, देवमाशाचं आतडं, सगळं साग्रसंगीत ऐकवलं.

"शी! मग परत आण ती कुपी."

एव्हाना ती निम्मी संपली होती.