नाडी ९४ च्या पुढे जाईना

पर्सनल ट्रेनरच्या परीक्षेची तयारी करणारी मुले आमच्या जिममध्ये प्रात्यक्षिकासाठी येतात, तेव्हा स्नायूंची नावे त्यांना मुखोद्गत असतात आणि एका ग्रॅम कर्बोदकात ४, प्रथिनात ४ व स्निग्ध पदार्थात ९ किलोकॅलरी हा हिशेबही पाठ असतो. क्लाएंटच्या औषधांविषयीची पाने मात्र बहुतेकांनी नुसती चाळलेली असतात, कारण तो विषय डॉक्टरांचा अशी त्यांची समजूत असते. गोळी लिहून देणे अथवा बदलणे हे डॉक्टरांचेच काम आहे आणि त्यात ट्रेनरने नाक खुपसू नये, हे मीही प्रत्येक बॅचला बजावते. पण त्या गोळीमुळे व्यायाम करताना शरीरात काय घडू शकते, हे ठाऊक नसलेल्या ट्रेनरच्या हाती पन्नाशी ओलांडलेला क्लाएंट देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. गेल्या वर्षी एकादशीच्या सकाळी जे घडले, त्यानंतर ते शिकाऊ मुलांना वेगळे पटवून द्यावे लागलेले नाही.

ज्या काकांची ही हकिकत आहे ते ५८ वर्षांचे, बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेले आणि बोलघेवडे. ट्रेडमिलवर चालतानाही त्यांच्या गप्पा थांबत नसत. त्यांच्याबरोबर एक शिकाऊ मुलगा होता, तालमीत वाढलेला, उठाबशा आणि डेडलिफ्टचे तंत्र अचूक सांगणारा. त्याने वहीत गणित मांडले होते: २२० मधून वय वजा केले की १६२, त्याचे ६५ ते ७५ टक्के म्हणजे मिनिटाला साधारण १०५ ते १२१ ठोके, आणि काकांची नाडी त्या पट्ट्यात आणायची. त्या सकाळी नाडी ९४ च्या पुढे जाईना. व्यायाम कमी पडतो आहे असा अर्थ लावून त्याने ट्रेडमिलचा चढ वाढवला आणि थोड्या वेळाने पुन्हा वाढवला.

मी पलीकडे दुसऱ्या बॅचला लॅट पुलडाउन दाखवत होते. काकांचा आवाज येत नाही, हे आधी माझ्या लक्षात आले. जवळ जाऊन पाहिले तर त्यांनी समोरची दांडी घट्ट धरली होती आणि एसी सुरू असूनही मान, कपाळ व टी-शर्टची पाठ घामाने निथळत होती. "काका, बरं वाटतंय ना?" असे विचारल्यावर ते एकदम खेकसले, "काही झालेलं नाही मला!" एरवी ते कोणावर आवाज चढवत नसत. मी मशीन हळूहळू थांबवले, त्यांना बाकावर बसवले आणि सकाळी काय खाल्ले ते विचारले, तेव्हा प्रश्न समजलाच नसल्यासारखे ते माझ्याकडे पाहत राहिले.

छातीत, जबड्यात किंवा हातात दुखते का, दम लागला आहे का, हे आधी विचारून घेतले. माणसाला मधुमेह असेल तर हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो, त्यामुळे 'नाही' या उत्तरावर मी पूर्ण विसंबले नाही आणि रिसेप्शनवरच्या मुलीला त्यांच्या घरी फोन करून रिक्षा नव्हे, गाडी घेऊन यायला सांगितले. तेवढ्यात प्रथमोपचाराच्या पेटीतल्या ग्लुकोमीटरने रक्तातील साखर पाहिली. आकडा ५८ होता. ७० च्या खाली गेल्यावर वाट पाहायची नसते, लगेच साखर द्यायची असते. शिकाऊ मुलगा तोपर्यंत पँट्रीत धावत जाऊन पाण्यात भरपूर साखर ढवळून घेऊन आलाही होता.

पेला हातात घेतला आणि काकांच्या बॅगेच्या पुढच्या कप्प्यात पाहिले. तिथे गोळ्यांच्या दोन पट्ट्या होत्या. एकीवर मेटोप्रोलॉल या रक्तदाबाच्या औषधाचे नाव होते. दुसरी मधुमेहाची एकत्रित गोळी होती, ग्लिमेपिराइड, मेटफॉर्मिन आणि व्होग्लिबोज. असे त्रिकूट आपल्याकडे सर्रास दिले जाते. त्यातले व्होग्लिबोज आतड्यात साखरेचे विघटन लांबवते. जेवणानंतर साखर एकदम चढू नये यासाठीच ते असते. त्यामुळे घरातली साधी साखर अशा माणसाला दिली, तरी ती फुटून रक्तात पोहोचायला उशीर लागतो. ग्लुकोजला मात्र फुटावेच लागत नाही. साखरेचा पेला बाजूला ठेवून औषधाच्या दुकानात मिळणारी, चव न घातलेली ग्लुकोज पावडर अंदाजे १५ ग्रॅम पाण्यात घालून त्यांना घोट घोट पाजली. ते शुद्धीवर होते आणि नीट गिळू शकत होते म्हणूनच तोंडाने दिली. ग्लानी आलेल्या माणसाच्या तोंडात काहीही ओतायचे नसते. १५ मिनिटांनी आकडा ६७, पुन्हा तेवढेच ग्लुकोज, आणि त्यानंतर ९१. नव्वदीत पोहोचता पोहोचता काकांनी शेजारच्या मुलाला विचारले, "अरे, तू कुठल्या गावचा म्हणालास?"

मग सगळा उलगडा झाला. एकादशी असल्याने सकाळी बिनसाखरेचा चहा तेवढा घेतला होता, पण डॉक्टरांनी गोळी चुकवू नका असे सांगितलेले असल्यामुळे ती वेळेवर घेतली होती. शिवाय आदल्या रात्री चपाती आणि भात नव्हता, कारण वजन उतरावे म्हणून आमच्या शिकाऊ मुलाने रात्रीचे धान्य बंद करायला सांगितले होते. यकृतात साठलेले ग्लायकोजेन, म्हणजे शरीराचा साखरेचा राखीव साठा, मुळात शंभर ग्रॅमच्या आसपास असते आणि रात्रभराच्या उपाशीपणात त्यातले बरेच खर्च होते. इथे तर संध्याकाळी भरही पडली नव्हती. ग्लिमेपिराइड माणूस जेवला आहे की नाही हे पाहत नाही, ते स्वादुपिंडाकडून इन्सुलिन काढून घेतेच. त्यावर चढाची चाल, म्हणजे आकुंचन पावणारे स्नायू इन्सुलिनशिवायही रक्तातली साखर ओढून घेत होते. तिन्ही वाटा एकाच दिशेने जात होत्या.

आता नाडीचा प्रश्न. मेटोप्रोलॉल हे बीटा-ब्लॉकर आहे. ते हृदयाची गती फारशी वाढू देत नाही, आणि साखर उतरल्यावर होणारी धडधड व हातांची थरथरही झाकून टाकते. घाम मात्र वेगळ्या चेतातंतूंच्या वाटेने येतो, त्यामुळे तो झाकला जात नाही. म्हणून पडद्यावर निवांत ९४ दिसत असताना मान भिजलेली होती. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्याला २२० वजा वय हे सूत्र लावू नये, आणि त्याहून बरे मानले जाणारे २०८ मधून वयाचे ०.७ पट वजा करण्याचे सूत्रही लावू नये. दोन्ही सूत्रे अशी गोळी न घेणाऱ्या माणसांसाठी आहेत. अशा वेळी श्रम किती होतात ते क्लाएंटलाच विचारायचे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांच्या ६ ते २० च्या मापनात मध्यम व्यायाम १२ ते १४ च्या दरम्यान येतो. त्याहूनही सोपे म्हणजे बोलून पाहणे: पूर्ण वाक्ये बोलता येतात पण गाणे म्हणता येत नाही, इतपत चाल पुरे.

काकांचा मुलगा आल्यावर मी घडलेले सगळे, आकडे आणि वेळांसह, कागदावर लिहून दिले आणि बरे वाटत असले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायला सांगितले. ग्लिमेपिराइडचा परिणाम लांबतो आणि साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते; शिवाय व्यायामानंतर स्नायूंची इन्सुलिनला मिळणारी साथ चोवीस तास किंवा त्याहून अधिक काळ वाढलेली असते, त्यामुळे त्या रात्री त्यांनी रिकाम्या पोटी झोपून चालणार नव्हते. डॉक्टरांनी गोळ्यांची मात्रा आणि उपवासाच्या दिवसाचे वेळापत्रक बदलले. आहार ठरवण्यासाठी त्यांना आहारतज्ज्ञाकडे पाठवले, तिथे रात्रीची एक चपाती परत आली. प्रथिने वाढवण्यापूर्वी क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडांचे काम कसे चालले आहे ते दाखवणारी, तपासणी झाली, जी पावडरचा डबा हातात देण्याआधी आमच्या क्षेत्रात फार थोडे लोक सुचवतात.

प्रवेशाच्या वेळी भरलेला काकांचा फॉर्म नंतर काढून पाहिला. 'आजार' या रकान्यात त्यांनी 'नाही' असे लिहिले होते. विचारल्यावर म्हणाले, "बीपी आणि शुगर दोन्ही कंट्रोलमध्ये आहे, मग आजार कसला?" असे मानणारे पुष्कळ आहेत. त्यामुळे आता आम्ही आजार विचारत बसत नाही. रोज कोणत्या गोळ्या घेता, त्यांच्या पट्ट्या घेऊन या, असे सांगतो. शिकाऊ मुलगा त्या पट्ट्यांचा फोटो काढतो, घटकांची नावे वहीत उतरवतो आणि मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन असेल तर व्यायामापूर्वी साखर पाहतो. इन्सुलिन वाढवणारी गोळी घेणाऱ्याची साखर ९० च्या खाली असली, तर १५ ते ३० ग्रॅम कर्बोदके आधी खायला लावतो आणि मगच ट्रेडमिल सुरू करतो. काकांना तो आता नाडी किती ते विचारत नाही, "किती वाटतंय?" असे विचारतो, आणि काका बहुतेक वेळा तेरा सांगून पुढची गोष्ट सुरू करतात.