जायचं तर आधी जा

आमचे बुजांगनिम, म्हणजे विभागप्रमुख, मुळात बेसबॉलवाले. पण हल्ली जेवणाच्या सुट्टीत ते माझ्याशी फक्त फुटबॉल बोलतात, आणि त्याला कारण त्यांचा भाचा. पोरगं विद्यापीठाच्या संघात लेफ्ट बॅक, म्हणजे डावीकडचा बचावपटू, खेळतं, 21 वर्षांचं आहे. के लीग 2, म्हणजे इथल्या दक्षिण कोरियाच्या दुसऱ्या श्रेणीतला एक क्लब त्याला घ्यायला तयार आहे आणि जपानच्या दुसऱ्या श्रेणीतला, जे 2 मधलाही एक. आई म्हणते इथेच राहा, वडील म्हणतात जा, आणि मामा वहीत आकडे मांडत बसलेत. मला विचारण्याचं कारण एवढंच, की ऑफिसात पदरचे पैसे घालून के लीग 2 चे सामने बघणारी मी एकटीच आहे. सुवॉनमध्ये राहते, आमच्या शहराचा क्लब सुवॉन सॅमसंग 2023 च्या शेवटी खालच्या लीगमध्ये घसरला, मग दुसरा इलाज काय?

सुवॉनमध्ये हा विषय निघाला की पहिलं नाव येतं पार्क जी-सुंगचं. तो इथलाच, इथल्या टेक्निकल हायस्कूलचा. त्याच्या नावावरून इथे एक रस्ताही आहे. बुजांगनिमनीही सुरुवात तिथूनच केली: "तो क्योतोला गेला आणि पुढे मँचेस्टर युनायटेडपर्यंत पोचला." पण हा दाखला मला नेहमी अर्धवट वाटतो. पार्कने के लीग नाकारून जपान निवडलं असं झालंच नव्हतं; अंगाने किरकोळ, म्हणून इथल्या क्लबांनी त्याला फारसं मनावर घेतलं नव्हतं. म्योंगजी विद्यापीठातून 2000 साली तो क्योतो पर्पल सांगाकडे गेला आणि त्याच वर्षी क्लब दुसऱ्या श्रेणीत घसरला. माझ्या मते खरी गंमत इथे आहे. खाली आल्यावर त्याला आठवड्यामागून आठवडे खेळायला मिळालं, 2001 मध्ये क्लब जे 2 जिंकून वर आला, आणि 1 जानेवारी 2003 ला एम्परर्स कप या जपानी चषकाच्या अंतिम सामन्यात काशिमा अँटलर्सविरुद्ध त्याने गोल केला, क्योतो 2-1 ने जिंकलं. मग 2002 च्या विश्वचषकातला कोरियाचा प्रशिक्षक हिडिंक याने त्याला नेदरलँड्सच्या पीएसव्हीला नेलं. म्हणजे यातून शिकायचं असेल तर जपान नव्हे, खेळायला मिळालेली मिनिटं.

त्याच्याही आधी नो जुंग-युन होता. जे लीग सुरू झाली त्याच वर्षी, 1993 ला, कोरिया विद्यापीठातून तो थेट सानफ्रेचे हिरोशिमात गेला. जे लीगमधला पहिला कोरियन. देशात त्याच्यावर बरीच टीका झाली. जपान म्हटलं की जपानी राजवटीची जुनी जखम लगेच ओली होते. पुढे ह्वांग सन-होंग सेरेझो ओसाकाकडून 1999 मध्ये 24 गोल करून जे लीगचा सर्वाधिक गोल करणारा ठरला, होंग म्योंग-बो हिरात्सुका आणि काशिवाकडून खेळला, आणि टीकेचा आवाज हळूहळू बसला. आज भाच्याच्या घरात देशप्रेमाचा मुद्दा कोणी काढलेला नाही. आईची काळजी जेवणाची आणि भाषेची आहे.

मामांची वही मात्र पैशांनी भरलेली. त्यांच्या डोक्यात दहा-बारा वर्षांपूर्वीचं गणित बसलंय आणि तेव्हा ते बरोबरही होतं. 2006 पासून काही वर्षं के लीगमध्ये ड्राफ्ट होता: नवख्या पोराला क्लब निवडता यायचा नाही, क्लब त्याला उचलायचे. पहिल्या फेरीत उचललेल्याचा पगारही ठरलेला, वर्षाला 5 कोटी वॉन. खालच्या फेऱ्यांत त्याहून कमी. त्यात 2009 मध्ये जे लीगने नेहमीच्या परदेशी जागांखेरीज आशियाई खेळाडूसाठी एक वेगळी जागा काढली. आणि येन तेव्हा असा चढलेला, की 2012 च्या आसपास 100 येनला जवळपास 1,400 वॉन यायचे. म्हणजे जपानी क्लबाने 50 लाख येन म्हटले की इथे 7 कोटी वॉन. विद्यापीठांतली पोरं रांग लावून गेली यात नवल नाही: होंगिकचा किम बो-ग्युंग, जोंजूचा किम यंग-ग्वोन, क्युंग हीचा किम जिन-सू, योनसेचा जांग ह्यून-सू. आता त्याच 100 येनला 900 वॉनच्या आसपास मिळतात, तेच 50 लाख येन साडेचार कोटींवर येतात. ड्राफ्टही गेला. बुजांगनिमना हे सांगितलं तर त्यांनी आकडा खोडून नवा लिहिला आणि वही मिटली.

मी म्हटलं, पैसे बाजूला ठेवा, वय बघू.

के लीगने बरीच वर्षं 22 वर्षांखालच्या खेळाडूंसाठी नियम राबवलाय. त्याचं स्वरूप बदलत आलंय, पण गाभा असा: तरुण पोरं संघात आणि मैदानात नसतील तर क्लबला बदली खेळाडूंच्या बाबतीत तोटा. हेतू चांगला. प्रत्यक्षात काही प्रशिक्षक एका पोराला सुरुवातीला उतरवतात आणि पंधरा-वीस मिनिटांत बाहेर बोलावतात. स्टँडमध्ये बसून ते बघताना माझंच डोकं फिरतं. पण भाच्याची अडचण वेगळी. विद्यापीठात तीन वर्षं घालवलेल्या मुलाला या नियमाचा फायदा जेमतेम वर्षभर. मग त्याची जागा हायस्कूलमधून आलेलं अठरा वर्षांचं पोर घेतं. जपानमध्ये विद्यापीठातून येणं म्हणजे उशीर झाला असं कोणी मानत नाही. जपानचा विंगर मितोमा कावासाकी क्लबाच्या वरच्या संघाला नाही म्हणून त्सुकुबा विद्यापीठात शिकायला गेला, मग परत आला, आणि पुढे इंग्लंडच्या ब्रायटनला. शिवाय तिथे तिन्ही श्रेणी मिळून 60 क्लब. इथे 2025 मध्ये दोन्ही मिळून 26. तिथे तो परदेशी ठरणार, परदेशी जागा मोजक्या, आणि स्थानिक लेफ्ट बॅकपेक्षा थोडा चांगला असून भागणार नाही, हे खरं.

पण या सगळ्याच्या वर बसलंय सैन्य. इथे प्रत्येक मुलाला साधारण दीड वर्ष द्यावं लागतं. फुटबॉलपटूला त्या काळात खेळत राहायचं असेल तर एकच चांगली वाट, सैन्याचा क्लब गिमचन सांगमू. तिथे 27 वर्षांपर्यंतच घेतात, आणि त्याआधी देशातल्या लीगमध्ये येऊन खेळलेलं असावं लागतं. ऑलिंपिक पदक किंवा आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळालं तर सूट. 2012 ला कार्डिफमध्ये कोरियाने जपानला 2-0 हरवून कांस्य घेतलं, त्या संघातले ह्वांग सक-हो आणि बेक सुंग-दोंग तेव्हा जपानी क्लबांकडेच होते. पण पदकावर भरवसा ठेवून करार करायचा नसतो.

म्हणून मी बुजांगनिमना पार्कऐवजी किम मिन-वू सांगितला. योनसे विद्यापीठातून 2010 साली तो सागान तोसूला गेला, क्युशू बेटावरच्या लहानशा गावातला जे 2 चा क्लब. 2012 पासून क्लब वरच्या श्रेणीत, आणि हा पुढे त्यांचा कर्णधार. चांगलं चाललेलं. तरी 2017 ला तो सुवॉन सॅमसंगकडे आला आणि पुढच्या वर्षी सांगमूत. वर्ष मोजून आला. आणखी एक हंगाम जपानमध्ये रमला असता तर ती वाट बंद होती.

यावरून माझं मत असं बनलंय की जायचं तर आधी जा. भाचा आत्ता तीन वर्षांसाठी गेला तर 24 ला परत येतो, इथे बस्तान बसवायला वेळ, मग सांगमू. उलट केलं, आधी इथे दोन-तीन वर्षं आणि मग जपान, तर तिथे जरा कुठे रुळतोय तोच परतायची घाई. एक काळ असा होता की पहिला करार परदेशात केला तर पाच वर्षं के लीगमध्ये येताच यायचं नाही. तेव्हा हा सल्ला मी दिला नसता. 21 आणि पाच, 26. श्वास घ्यायला जागा नाही. आता ते तसं राहिलेलं नाही.

"पण युरोप?" बुजांगनिमनी विचारलं. बरोबर आहे. आता ज्याला युरोप गाठायचंय त्याला जपानमार्गे जायची गरज उरली नाही. बे जुन-हो इथल्या देजन क्लबातून थेट इंग्लंडच्या स्टोकला गेला, यांग मिन-ह्योक शाळेत असतानाच इथल्या गांगवॉन क्लबाकडून खेळला आणि टॉटनहॅमने त्याला घेतलं. पण ही अठरा-वीसची पोरं. एकविसाव्या वर्षी के लीग 2 मधून बोलावणं आलेल्या लेफ्ट बॅकसाठी तो रस्ता नाही, आणि हे मामांना मीच सांगायला हवं होतं, कारण घरातलं कोणी सांगणार नव्हतं. ते थोडा वेळ गप्प बसले, मग किमचीची वाटी माझ्याकडे सरकवली.

भाच्याशीही फोनवर बोलले. तो मला नुना, म्हणजे ताई, म्हणतो आणि मामांपेक्षा बराच व्यवहारी आहे. पगाराचं त्याने विचारलंच नाही. त्या जे 2 क्लबात आत्ताचा लेफ्ट बॅक किती वर्षांचा, त्याचा करार कधी संपतो, हे त्याने आधीच काढून ठेवलं होतं. त्याची अडचण तारखांची होती. आजवर सोपं होतं: इथे फेब्रुवारीत पदवीदान, तिथे फेब्रुवारीत हंगाम सुरू. 2026-27 पासून जे लीग ऑगस्टमध्ये सुरू होऊन पुढच्या उन्हाळ्यात संपणार, के लीग मात्र वसंत ते हिवाळाच राहणार. म्हणजे हिवाळ्यात गेला तर अर्ध्यावर आलेल्या हंगामात, जमलेल्या संघात शिरायचं; ऑगस्टसाठी थांबला तर सहा महिने सामन्याविना. आणि परतताना करार जूनमध्ये संपणार, तेव्हा इथला हंगाम निम्मा झालेला.

मी त्याला म्हटलं, करारात शेवटची तारीख जून न ठेवता डिसेंबर ठेवता येते का ते एजंटला विचार. त्याने विचारलंय. उत्तर यायचंय.